करबुडव्याला जामीन दिल्याने महसूल बुडत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मालाची देवघेव न करताच काढलेल्या बोगस बिलांच्या प्रकरणातल्या एखाद्या आरोपीला जामीन मिळाला की ‘कोट्यवधी बुडवले आणि मोकाट सुटले’ अशा आशयाची पत्रे आपल्या सदरात येतात. त्यामागचा संताप मी समजू शकतो. माझी सगळी नोकरी विक्रीकर विभागात गेली. सरकारचा कर खिशात घालणाऱ्यांबद्दल मला यत्किंचितही माया नाही. तरीही अशा बहुतेक आरोपींना जामीन द्यावा आणि तो लवकर द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

खटल्याआधी माणसाला कोठडीत ठेवायचे ते मुख्यतः तीन कारणांनी. तो पुरावा नष्ट करील, साक्षीदारांना फोडील किंवा पळून जाईल. यातली पहिली भीती आमच्या काळात अगदी खरी होती. मुंबई विक्रीकर कायद्याखाली आम्ही धाडी घालत असू तेव्हा पुढच्या दारात पंचनामा सुरू होईपर्यंत मागच्या दाराने चोपड्या पसार झालेल्या असत. एका व्यापाऱ्याच्या घरी तर आम्ही पोचलो तेव्हा पाण्याच्या बंबात कच्च्या चिठ्ठ्या जळत होत्या. वर्षभराच्या विक्रीचा पुरावा आमच्या डोळ्यांदेखत राख झाला. असा माणूस दोन दिवस आत असता तर बरे झाले असते, असे तेव्हा वाटायचे.

आज परिस्थिती तशी उरलेली नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. नोंदणीचा अर्ज, विवरणपत्रे, ई-वे बिले (मालवाहतुकीचे ऑनलाइन परवाने), कोणी कोणाला किती इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची विक्रीच्या करातून मिळणारी वजावट) पुढे ढकलले याचा माग, हे सगळे सरकारच्याच पोर्टलवर असते. पैसे कोणत्या खात्यातून कुठे गेले ते बँक सांगते. मोबाइल आणि लॅपटॉप पहिल्याच दिवशी जप्त होतात. आरोपी घरी बसून यातली एक ओळही पुसू शकत नाही. साक्षीदार म्हणाल तर बरेचसे विभागाचे अधिकारीच असतात.

कायदाही पाहा. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १३२ प्रमाणे ५ कोटींहून अधिक रकमेची बोगस बिले काढणे किंवा खोटे क्रेडिट घेणे हा अजामीनपात्र गुन्हा आहे, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, द्यायचा की नाही ते न्यायालय ठरवते. पण त्याला जास्तीत जास्त शिक्षा आहे ५ वर्षे, आणि खटला चालतो तो दंडाधिकाऱ्यापुढे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका आरोपीचा अर्ज आला. तो सुमारे सात महिने तुरुंगात होता आणि खालपासून वरपर्यंत प्रत्येक न्यायालयाने त्याला जामीन नाकारला होता. त्याबद्दल न्यायमूर्तींनी आश्चर्य व्यक्त केले आणि असाधारण परिस्थिती नसेल तर अशा प्रकरणांत जामीन मिळायलाच हवा, असे सांगितले. महसुलाच्या बाजूने उभा राहूनही मला या म्हणण्यात काही वावगे दिसत नाही.

अटक झाल्यावर ६० दिवसांत विभागाने न्यायालयात तक्रार दाखल केली नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. त्यामुळे मुदत संपता संपता धावपळ करून तक्रार दाखल होते. पुढे काय होते? तक्रारीवरून चालणाऱ्या अशा खटल्यात आरोप निश्चित होण्याआधीच साक्षी नोंदवाव्या लागतात. तपास केलेला अधिकारी तोवर बदलून गेलेला, कधी निवृत्त झालेला. जीएसटीआधीच्या व्हॅट कराच्या काळातल्या एका खटल्यात मला निवृत्तीनंतर साक्षीचे समन्स आले. गेलो, तर आरोपीचे वकील आलेले नाहीत. पुढच्या तारखेला सरकारी वकील बदललेले. त्या प्रकरणात जप्त केलेल्या कागदांवरची माझीच सही मला नीट ओळखू येईना, इतका काळ लोटला होता. राग धरायचा तर या दिरंगाईचा धरावा. दोष सिद्ध होऊन पाच वर्षांची शिक्षा झाली, तर मी पहिला समाधान मानीन. ती होत नाही म्हणून खटल्याआधीची कोठडीच शिक्षा म्हणून वापरायची, हे मला पटत नाही.

आणि आत राहतो कोण? बोगस फर्म ज्याच्या नावावर असते तो पुष्कळदा हमाल, रिक्षाचालक किंवा कुठल्यातरी ऑफिसातला शिपाई असतो. कर्ज मिळवून देतो, नोकरी लावतो असे सांगून त्याचे आधार आणि पॅन घेतलेले असते. फर्मच्या पत्त्यासाठी जोडलेले लाइट बिल आणि भाडेकरार तिसऱ्याचाच. कागदावर हा मालक, आणि कोट्यवधींची उलाढाल! खरा सूत्रधार मोठा वकील लावतो, जामीन मिळताच रोख रक्कम भरतो आणि संध्याकाळी घरी जातो. या मालकाला जामीन मंजूर झाला तरी जामीनदार मिळत नाही. जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो. त्याच्या नात्यागोत्यात ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे असा माणूसच नसतो. जामिनाचा आदेश हातात असून तो आतच. जामीन मंजूर होऊनही आरोपी सात दिवसांत सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीतच दिले आहेत. त्यांची अंमलबजावणी कुठे होते ते विचारायला हवे.

जामीन दिला तर पैसे कसे वसूल होणार, असाही प्रश्न येतो. वसुलीची वाट वेगळी आहे. नोटीस, कर, व्याज, दंड, खाते आणि मालमत्ता जप्त करणे, हे सारे आरोपी आत असो वा बाहेर, चालूच राहते. अटकेची भीती घालून ‘स्वेच्छेने’ कर भरून घेण्याचे प्रकार होतात. फेब्रुवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जीएसटी अधिकाऱ्यांचा अटकेचा अधिकार वैध ठरवला, पण अशा बळजबरीवर कडक बोट ठेवले आणि अटकपूर्व जामीनही मागता येतो हे मान्य केले. ज्यांनी आयुष्यभर रीतसर वसुली केली त्यांना या शॉर्टकटची लाज वाटली पाहिजे.

सरसकट सगळ्यांनाच सोडा, असे मी म्हणत नाही. एकदा जामिनावर सुटून ज्याने नव्या नावांनी पुन्हा फर्म उघडल्या, समन्सना दाद न देता जो परदेशी जाऊन बसला, ज्याने नावापुरत्या मालकाला किंवा ट्रान्सपोर्टवाल्याला धमकावले, त्याला आतच ठेवावे. पण तसे घडल्याचा पुरावा विभागाने न्यायालयापुढे मांडावा. बुडवलेल्या रकमेचा आकडा हा काही त्याचा पुरावा नव्हे. बाकीच्यांसाठी पासपोर्ट जमा करणे, ठरलेल्या दिवशी तपास अधिकाऱ्यापुढे हजेरी आणि नव्या नोंदणीला मनाई एवढ्या अटी पुरेत.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. अटकेची बातमी आपण पहिल्या पानावर छापता. त्याच प्रकरणात आरोप कधी निश्चित झाले, किती साक्षीदार तपासले गेले, नावापुरता मालक अजून आत आहे का आणि खरा सूत्रधार कोण निघाला, याचाही पाठपुरावा आपल्या वार्ताहरांनी करावा.

आपला,
विक्रीकर विभागातील एक निवृत्त अधिकारी