सूचना: पगारपत्रक तपासून घ्या, भरणा वेळेत करा

सर्व गाळेधारक सभासदांना नमस्कार,

२१ नोव्हेंबर २०२५पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे) लागू झाल्या आहेत. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम आता वेतनातच धरली जाते. मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत सोडावी लागेल. ग्रॅच्युइटीचा हिशेबही त्यानुसारच होईल.

पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत झालाच पाहिजे. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा त्याचा आहे, तो खेळत्या भांडवलात वापरू नका. उशीर झाला तर त्या हिश्श्याची आयकरात वजावटही मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये तेव्हाच्या कायद्यानुसार स्पष्ट केले होते. विरार-कल्याणहून लोकलने येणाऱ्या आपल्या माणसांना आजारपणात ईएसआयचाच आधार असतो. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या एकाचेही नाव सुटलेले मला चालणार नाही.

नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्या. नियुक्तिपत्र प्रत्येकाला हवे, तोंडी बोली पुरत नाही. दहा किंवा अधिक माणसे असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही हवी.

शंका असल्यास पगारपत्रकाची प्रत घेऊन कार्यालयात या.

– सचिव