आधी गाळाचं तळं बघ

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर खाणीवरच्या नव्या नोकरीबद्दल बोलताना तू म्हणालास, "आई, लागणारे धातू आपल्याच जमिनीतून काढले की कुणापुढे हात पसरायला नकोत." मी हो-हो म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री मात्र झोप येईना. इतकी वर्षं धातू वेगळे करायच्या याच कामात हात खराब केले आणि पोराच्या अर्धवट वाक्याला मान डोलावली!

तुझं चुकलं असं नाही. २०१० मध्ये जपान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ चिनी बोटीची जपानी गस्ती बोटींशी टक्कर झाली, वाद चिघळला आणि चीनमधून जपानला जाणारे रेअर अर्थ, म्हणजे निओडिमियम, डिस्प्रोशियमसारखे एकाच कुळातले धातू, अडकून पडले. ऑगस्ट २०२३ पासून चीनमधून गॅलियम आणि जर्मेनियम हे इलेक्ट्रॉनिक्सला लागणारे धातू बाहेर न्यायला परवाना लागू लागला. एप्रिल २०२५ मध्ये डिस्प्रोशियम, टर्बियम धरून आणखी सात धातू त्या यादीत गेले. मोटर तापली तरी तिच्यातल्या चुंबकाने दम सोडू नये म्हणून डिस्प्रोशियम घालतात. ती मोटर विजेच्या गाडीतली असो की क्षेपणास्त्राचे पंख वळवणारी, नाडी परवाना देणाऱ्याच्या हातात. तेव्हा घरची खाण हवीच.

पण कॅलिफोर्नियातल्या माउंटन पासचं काय झालं ते ऐक. एके काळी जगाला रेअर अर्थ पुरवणारी खाण ही. रंगीत टीव्हीतला लाल रंग तिथल्या युरोपियमवर चालायचा. नव्वदच्या दशकात तिची सांडपाण्याची पाइपलाइन पुन्हा पुन्हा गळली, त्यात चीनचा स्वस्त माल आला आणि २००२ मध्ये खोदकाम थांबलं. मधे एकदा खाण उघडली, पण २०१५ मध्ये मालक कंपनीचं दिवाळं वाजलं. २०१८ मध्ये पुन्हा खोदायला लागले तेव्हा खनिज निघायचं अमेरिकेत आणि त्यातले धातू वेगळे करायला जायचं चीनला! खाण घरची, चावी शेजाऱ्याकडे.

कारण खणणं हा सोपा भाग. हे धातू एकमेकांना इतके चिकटून असतात की मोसांडर नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८४१ मध्ये एक नवा धातू शोधला आणि त्याला 'जुळा' अशा अर्थाचं नाव दिलं, डिडिमियम. तो मुळात एक धातू नव्हताच. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने पुन्हा पुन्हा स्फटिक पाडून त्यातून निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम वेगळे केले.

मी तेच काम सेपरेटरी फनेलने, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या भांड्याने शिकले. खाली ॲसिडचं पाणी, वर केरोसीनमध्ये विरघळवलेलं एक्स्ट्रॅक्टंट, म्हणजे धातू आपल्याकडे ओढून घेणारं रसायन. हलवायचं, ठेवायचं, थर वेगळे झाले की खालचा सोडायचा. एका हलवण्यात निओडिमियम शेजाऱ्यापेक्षा जरासाच जास्त वरच्या थरात जातो. म्हणून पुन्हा, आणि पुन्हा. कारखान्यात याच्याच टाक्यांच्या रांगा असतात, शेकडो टप्प्यांच्या. पहिल्याच आठवड्यात नमुन्यात कार्बोनेट राहिलं होतं, मी वायू सोडायला विसरले आणि बूच उडून सगळं अंगावर. तो ॲप्रन किती धुतला तरी केरोसीनचा वास गेला नाही.

आणि जे उरतं त्याचं काय? मोनाझाइट या रेअर अर्थच्या खनिजात थोरियम हा किरणोत्सारी धातू असतो. बाकीचे धातू निघून गेले तरी तो गाळात मागे राहतो, आणि गाळ राहतो तळ्यात. मी एका ठिकाणी असताना तळ्याचा बांध एका कोपऱ्यात ओला दिसायचा. दर बैठकीत मी विचारायचे आणि दर वेळी "पुढच्या महिन्यात बघू" हेच उत्तर. बांध फुटला नाही, पण मी गप्प बसायला शिकले, आणि ते मला आजही सलतं. आजवर आपण धातू विकत घेत होतो, हा गाळ दुसऱ्याच्या दारात साठत होता. स्वस्ताईचा मोठा वाटा तिथून आला, असं माझं मत.

आणखी एक. दर वेळी नवा डोंगरच फोडायला हवा असं नाही. ॲल्युमिनियमसाठी बॉक्साइट हे खनिज गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवतात तेव्हा त्यातलं थोडं गॅलियमही द्रावात उतरतं आणि त्याच द्रावात फिरत राहतं. ते पकडायची सोय केली तर मिळतं, नाहीतर गेलं. जगातलं सुमारे ९८ टक्के प्राथमिक, म्हणजे भंगारातून न काढलेलं, गॅलियम चीनमध्ये तयार होतं. त्यांच्या जमिनीतच ते जास्त आहे असं समजू नकोस. त्यांनी बॉक्साइटपासून ॲल्युमिना करणाऱ्या कारखान्यांत ही सोय करून घेतली, बाकीच्यांनी पैसे सुटत नाहीत म्हणून सोडून दिलं. जर्मेनियम जस्ताबरोबर येतं, टेल्युरियम तांब्याच्या शुद्धीकरणात तळाला बसणाऱ्या चिखलात. नियोजनाच्या बैठकीत हे कुणी बोलणार नाही, कारण याच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही.

नवी खाण म्हणशील तर घाई चालत नाही. स्वीडनमध्ये किरुनाजवळ दहा लाख टनांहून जास्त रेअर अर्थ ऑक्साइड सापडल्याचं जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं. माल बाजारात यायला १० ते १५ वर्षं लागतील, हेही खाणीच्या कंपनीने तेव्हाच सांगून टाकलं.

साइटवर रुजू झालास की आधी गाळाचं तळं बघ. बांधाच्या खालच्या अंगाने चाल, माती बुटाला चिकटते का बघ, आणि खालच्या विहिरींचं पाणी शेवटचं कधी तपासलं ते विचार. लेखी विचार.

माझ्या कपाटात निओडिमियमच्या क्षाराची ती सीलबंद कुपी अजून आहे. उन्हात जांभळट दिसते, ट्यूबलाइटखाली निळसर. लहानपणी तू म्हणायचास, आईने बाटली बदलली. आलास की घेऊन जा, तुझ्या टेबलावर ठेव.

तुझी,
आई