तापाला आधी नाव द्या, मग धूर सोडा

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर ‘तापाच्या साथीने डोके वर काढले, गावोगाव धूरफवारणी सुरू’ अशी बातमी होती. सोबत यंत्र खांद्याला लावलेल्या कर्मचाऱ्याचा फोटोही होता. ताप कसला, हे मात्र बातमीत कुठेच नव्हते. तीसेक वर्षे आरोग्य सेवक म्हणून रक्ताच्या काचपट्ट्यांचा डबा घेऊन दोडामार्ग-सावंतवाडीच्या वाड्या फिरलो आहे, म्हणून हे खटकले.

आमच्या या पट्ट्यात एका वाडीत एकाच आठवड्यात दोन-तीन तऱ्हेचे ताप असू शकतात. लोक सगळ्यांना ‘व्हायरल’ म्हणतात. पण डेंग्यू विषाणूचा, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) जिवाणूचा, मलेरिया परजीवीचा, आणि प्रत्येकाची माणसात शिरायची वाट वेगळी. धुराने त्यातली फार तर एक वाट अडते, तीही अर्धवट.

डेंग्यूचेच घ्या. हा डास दिवसा चावतो, घरातच पडद्यामागे, कपाटाखाली बसतो आणि घराभोवतीच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. रस्त्यावरून सोडलेला धूर घरात शिरण्याआधीच आपण खिडक्या लावून घेतो! शिवाय धुराने मरतो तो त्या घडीला उडणारा डास. पिंपातली अळी आठ-दहा दिवसांत डास होऊन बाहेर पडते, आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. म्हणून कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करण्याचा दिवस, पाळताना पिंप नुसते पालथे करून भागत नाही, आतून घासावे लागते. एकदा फवारणीचे पथक गेल्यावर मी मागच्या रबराच्या बागेत शिरलो. झाडांना बांधलेल्या चिकाच्या वाट्या पावसामुळे टॅपिंग (चीक काढणे) बंद असल्याने तशाच राहिल्या होत्या. दहा वाट्या हातावर ओतून पाहिल्या, सात वाट्यांत अळ्या वळवळत होत्या. बागेच्या मालकाला दाखवल्या तर म्हणाले, “अहो, पण आताच तर धूर मारून गेले.”

लेप्टोला तर डासाशी देणेघेणेच नाही. उंदराच्या लघवीतून (गुरांच्या, कुत्र्यांच्याही) जिवाणू शेताच्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून, चिखल्यांतून, विळ्याच्या ओरखड्यातून आत जातो. लावणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाया चिखलात उभ्या असतात. त्यांच्या पायांची बोटे पाहिली की जिवाणूला किती दारे उघडी आहेत ते कळते. ताप, पोटऱ्या धरून येणे, डोळे लाल होणे, एवढ्यावर माणूस दवाखान्यात पोचला तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो. ‘लावणीची कणकण आहे, उतरेल’ म्हणून चार-पाच दिवस काढले की कावीळ दिसू लागते, लघवी कमी होते आणि मूत्रपिंडावर बेतते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली, तेव्हा शहरातल्या माणसांना हे नाव कळले. आमच्या शेतकऱ्यांना ते अजून दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

मलेरियाचा डास रात्रीचा, पण त्याला आधी मलेरिया झालेला माणूस चावायला मिळावा लागतो. रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात परजीवी सापडला, त्याला सव्वाशे वर्षे उलटून गेली. चिरेखाणीवर बाहेरून कामगार आले की आम्ही पहिल्याच आठवड्यात जाऊन त्यांचे रक्त घ्यायचो ते याचसाठी. इथे खरी लढाई गोळ्यांची असते. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी यकृतात दडून बसतो, म्हणून चौदा दिवसांचा डोस असतो. तिसऱ्या दिवशी ताप गेला की उरलेल्या गोळ्या छपराच्या वाशात खोचलेल्या मी कित्येकदा पाहिल्या आहेत.

माकडताप जानेवारीपासून काजूच्या हंगामात येतो, म्हणून आज त्याची चर्चा नाही. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडलेला हा विषाणू आमच्या तालुक्यात २०१६ मध्ये ठळकपणे दिसला. तो गोचिडीतून येतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आजूबाजूच्या पाल्यात पसरतात. म्हणून मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता कळवायचे असते. माणसाकडून माणसाला तो होत नाही, तरी त्या वर्षी रोग्यांच्या घरी लग्नाची आमंत्रणे गेली नाहीत, हे मी स्वतः पाहिले आहे.

विहिरीच्या पाण्यातून येणाऱ्या गॅस्ट्रो-काविळीबद्दल एवढेच म्हणतो, की ब्लिचिंग पावडरचे पोते ग्रामपंचायतीत आले म्हणजे ती विहिरीत पडली असे नव्हे. नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे दाखवणारी) कोणी, कधी घेतली आणि रंग पिवळा आला का, ते विचारावे लागते.

धूरफवारणी अजिबात नको असे माझे म्हणणे नाही. डेंग्यूचा रुग्ण पक्का झाला की त्याच्या घरात आणि आसपासच्या घरांत ती हवीच. पण पुढाऱ्यांना ती आवडते कारण ती दिसते, आवाज करते आणि फोटोत येते. वाट्या पालथ्या करणाऱ्या आशाताईंचा फोटो कोण काढणार?

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी ‘साथ’ लिहिण्याआधी आरोग्य केंद्राला एवढे विचारावे, की किती रक्तनमुने गेले आणि त्यांत काय निघाले. अहवाल आला नसेल तर तसे छापावे.

आमच्याकडे लावणी अजून आठ-दहा दिवस चालेल. लेप्टोसाठी आठवड्याला एकदा घ्यायच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या उपकेंद्रात मागितल्या की मिळतात. गरोदर बाया आणि लहान मुलांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि कोणीही उपाशीपोटी घेऊ नयेत. पत्रातले बाकी काही कापावे लागले तरी हा एवढा मजकूर कृपया राहू द्यावा.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक,
दोडामार्ग तालुका, जि. सिंधुदुर्ग