धाकट्याच्या डिग्रीबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही चिडलात म्हणून मी विषय तिथेच सोडला. पण "बाहेरून केलेल्या डिग्रीला विचारतंय कोण!" हे तुमचं बोलणं डोक्यातून जाईना. धाकट्याने नोकरी सोडून रोजच्या कॉलेजात नाव घालावं असं तुम्ही म्हणता. माझं मत उलट आहे. शिकावं, पण नोकरी सोडू नये.

माणसं घेताना मुलाखतीला मीही बसते, म्हणून आतली गोष्ट सांगते. आधी बघतात ते विद्यापीठाची मान्यता. तिथे कुणी सूट देत नाही, देऊही नये. २०१५ साली कराचीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा धंदा उघडकीला आला होता. शेकडो खोट्या शाळा-विद्यापीठांच्या वेबसाइट काढून ती पदव्या विकत होती. असल्या लोकांमुळे रात्री जागून शिकलेल्या पोरांकडेही संशयाने बघितलं जातं. मान्यता पक्की निघाली की मात्र बोलणं कामावर येतं. एवढी वर्षं काय करत होतास, असं विचारल्यावर "नोकरी करत शिकलो" म्हणणारा आणि केलेलं काम नीट सांगू शकणारा उमेदवार आला, की समोरचे सावरून बसतात. डिग्री कुठे बसून घेतली, हे मग फारसं कुणी उकरत नाही.

सगळीकडे असंच चालतं असं नाही. काही जाहिरातींत "पूर्णवेळ पदवी" अशी अटच असते, तिथे अर्ज चाळणीतच गळतो. अनुभव शून्य आणि डिग्रीही घरी बसून घेतलेली, अशा मुलाला पहिली नोकरी मिळवणं जड जातं. कॉलेजात कंपन्या दारात येतात, सर-मॅडम चार ठिकाणी शब्द टाकतात; घरी बसून शिकणाऱ्याला ते कुठून मिळणार? डॉक्टरकी किंवा नर्सिंग असतं तर मीच नको म्हटलं असतं. पण आपला धाकटा हिशेबाचं काम आधीपासूनच करतोय.

आई, तुला हे आजकालचं खूळ वाटतं ना? लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच तिथे न शिकलेल्यांना परीक्षा खुल्या केल्या होत्या. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ चं. नेल्सन मंडेलांनी कायद्याची पदवी १९८९ मध्ये कैदेत असताना टपालाने शिकून मिळवली. (अर्थात त्यांना पुढे नोकरीसाठी बायोडेटा पाठवावा लागला नाही!)

मला धास्ती आहे ती वेगळीच. बाहेरून शिकायला लागतात पुष्कळ, मधेच सोडणारेही पुष्कळ. हजेरी नाही, विचारणारं कुणी नाही; एक पेपर राहिला की पुढचाही राहतो. आणि अर्धवट डिग्रीला खरंच कुणी विचारत नाही. तेव्हा परीक्षेच्या दिवसांत त्याला घरची कामं सांगू नका, लग्नकार्यांनाही तुम्हीच जाऊन या.

फी भरण्याआधी त्याने विद्यापीठाचं आणि कोर्सचंही नाव मला कळवावं. कधीकधी विद्यापीठ मान्यताप्राप्त असतं, पण नेमका तोच कोर्स दूरशिक्षणाने चालवायची परवानगी नसते. बाबा, तेवढं तुम्ही त्याच्या मागे लागून करून घ्या. माझं तो ऐकत नाही.

तुमची,
लेक