उस्ताद, शॉकअपसाठी जाहीर आभार

उस्ताद, सप्रेम नमस्कार.

माझी जुनी मोटरसायकल आता ब्रेक दाबला की नाक खुपसत नाही. खड्डा आला तर मनगटाला तो एकदाच कळतो, नंतर हँडल डुचमळत राहत नाही. फोनवर हे सांगितलं तर तुम्ही 'मग झालं तर' म्हणून विषय संपवलात. मला तेवढ्यावर सोडवत नाही, म्हणून चारचौघांत लिहितोय.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या डोक्यात नव्या स्पोर्ट्स गाडीचा उलटा फोर्क (जाड नळी वर, बारीक खाली असलेला पुढचा शॉकअप) होता. टी (दोन्ही फोर्क पाइप धरणारा जोड), चाक, डिस्क ब्रेक, सगळं त्याच्यासकट. तुम्ही नको म्हणाला नाहीत. लांबी किती कमी होईल, एवढंच विचारलंत. पुढची बाजू खाली आली की हेडचा, म्हणजे हँडल फिरतं त्या चेसिसच्या नळीचा, कोन उभा होतो, ट्रेल (त्या नळीची रेघ जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) घटतो, आणि सरळ आपल्या वाटेनं जाणारी गाडी चुळबुळी होते. शिवाय सत्तरच्या दशकातल्या चेसिसच्या हेडवर आजच्या ब्रेकचा ताण. विषय तिथेच मिटला. बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते आहे, याचं समाधान मला रोज ती झाकण काढून बघताना होतं.

कुठलाही पार्ट मागवण्याआधी तुम्ही मोजायला लावलंत, याचे आभार सगळ्यात जास्त. दोन्ही फोर्क पाइपांवर काचेचा जाड तुकडा आडवा ठेवून एका कोपऱ्यावर बोट टेकलंत, तर काच टक् टक् वाजली. टी मध्ये पाइप एकमेकांना पिळलेले होते. डोळ्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. अशा फोर्कमध्ये कितीही भारी स्प्रिंग घाला, पाइप बॉटम केसमध्ये, म्हणजे खालच्या नळीत, अडकत अडकतच सरकणार. मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. मधोमध आल्यावर हँडल खाचेत बसल्यासारखं थांबायचं, म्हणून गोळ्यांच्या जागी टेपर रोलर बेअरिंग आलं.

सॅग, म्हणजे वजनानं फोर्क किती बसतो ते, मोजायला पाइपला केबल टाय बांधला. फोर्कची चाल १३० मिलिमीटर. मी बसल्यावर त्यातली साधारण ३५ ते ४० खर्च व्हावी, तर ५५ जात होती. मी लगेच स्प्रिंगवरचा स्पेसर वाढवू म्हणालो. प्रीलोडनं, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवल्यानं, गाडी वर उचलली जाते, स्प्रिंग कडक होत नाही, हे तुम्ही जुनी स्प्रिंग जमिनीवर उभी करून, तळहातानं दाबून दाखवलंत. माझ्या वजनाच्या हिशेबानं कडक, सरळ रेटची (पूर्ण चालीत सारखीच कडक राहणारी) जोडी घातली.

खरी गंमत तेलाची. जुन्या फोर्कमधला डॅम्पर रॉड म्हणजे भोकं पाडलेली नळी. भोकातून तेल ढकलताना वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. म्हणून ब्रेक मारल्यावर, फोर्क सावकाश बसत असताना, विरोध जवळपास नसतोच; आणि धारदार खड्ड्यात तोच फोर्क पहारीसारखा ताठ. घट्ट तेल घालून पहिलं दुखणं थोडं कमी होतं, दुसरं वाढतं. रॉडच्या डोक्यावर, स्प्रिंगच्या खाली आपण बसवलेला छोटा व्हॉल्व्ह नेमका इथे कामाला येतो. फोर्क दबताना तेल जातं ती रॉडची भोकं मोठी करून तेलाला वाट मोकळी करायची, आणि अडवण्याचं काम व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर सोपवायचं. मोठा झटका आला की तो उघडतो. परतीची चाल मात्र अजून तेलाच्या घट्टपणावरच चालते, त्यामुळे तेल निवडण्यातून सुटका नाही. डब्यावरच्या '१० वेट'वर भरवसा ठेवू नका, प्रत्येक कंपनीचं १० वेगळं असतं, ४० अंशांवरचा सेंटीस्टोकचा (तेलाच्या घट्टपणाचा) आकडा बघा, असं तुम्ही बजावलंत. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

व्हॉल्व्हच्या उंचीएवढा स्पेसर कापायला लावलात, तेही बरं झालं. नाहीतर मोजून ठरवलेला प्रीलोड परत बिघडला असता. तेल मिलिलिटरवर न भरता, स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरून हवेची जागा मोजलीत. दोन्ही पायांत ती सारखी हवी, कारण शेवटच्या टप्प्यात कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते. आणि एक्सलचा क्लॅम्प ढिला ठेवून फोर्क चारदा दाबायचा, मगच आवळायचा. दोन मिनिटांचं काम, पण बहुतेक जण नेमकं हेच गाळतात.

रबरी गेटर्सबद्दल (फोर्क पाइपांवरच्या घड्यांच्या बाह्या) आपलं जमणार नाही. आत पाणी साचून पाइप गंजतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. तरी मी ते बसवलेत, खाली बारीक भोक पाडून. जुन्या गाडीला ते शोभतात.

या सगळ्यात पाना तुम्ही क्वचितच हातात घेतलात. स्टुलावर बसून 'उलटा फिरव', 'आधी वरचं बोल्ट ढिलं कर' एवढंच. त्यामुळे आता फोर्क पुन्हा उघडायची वेळ आली तर मला कुणाचं तोंड बघावं लागणार नाही.

पुढचं सुधारल्यावर मागचे शॉकअप उघडे पडलेत. वळणात शेपटी हलते. येताना मागचा सॅग मोजूनच आणतो, पहिला प्रश्न तोच विचाराल.

तुमचा,
एक शागीर्द