लॅबमधल्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

२६ जुलै, कारगिल विजय दिवस, जवळ आला की मला भाषणाला बोलावतात, शाल देतात. टायगर हिलचं सगळं सांगून होतं, तुमचं मात्र दरवेळी राहून जातं. म्हणून आज चारचौघांत लिहितोय.

१९९६ला जिऑलॉजीत बी.एस्सी. झालो, सैन्यात अधिकारी होण्यासाठीची सीडीएस परीक्षा दिली आणि चेन्नईच्या अकादमीतून तोफखान्यात गेलो. जून १९९९मध्ये द्रासला पोचलो तेव्हा नजर आधी दगडावरच गेली. काळपट, ज्वालामुखीचा. आपल्या सह्याद्रीचा लांबचा नातेवाईकच वाटला. मग बोफोर्स सुरू झाल्या. गोळा कड्यावर फुटला की लोखंडाबरोबर दगडाच्याही चिपा उडतात, आणि माणसाला त्याही तशाच लागतात. आमच्या तोफेवरचा एक जवान परत आला नाही. त्याच्याबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही.

सुट्टीवर घरी आलो. औक्षण झालं, पेढे वाटले, जो येईल तो विचारायचा, "किती मारले?" आई कौतुकाने शेजाऱ्यांना बोलवायची, तिचं काहीच चुकत नव्हतं. मलाच घरात थांबवेना. दिवाळीचे फटाके सुरू झाले तसा सायकल काढून थेट कॉलेजवर आलो. लॅबला कुलूप होतं. तुम्ही आवारातल्या खोलीतून किल्ल्या घेऊन आलात आणि काही न विचारता झिओलाइट वगैरे खनिजांचे ट्रे पुढ्यात ठेवलेत. "लेबलं पुसट झालीत बघ. तुझं अक्षर बरं होतं."

मी स्टिल्बाइट, अपोफिलाइट कापसात ठेवत काळ्या शाईने लेबलं लिहीत बसलो. दुसऱ्या दिवशी तुमच्या हातून एक ड्रॉवर धाडकन बंद झाला आणि मी टेबलाखाली. तुम्ही कुणाला हाक मारली नाहीत. माझ्याशेजारी फरशीवर बसलात आणि तंबाखू मळत राहिलात, मी उठेपर्यंत. तिसऱ्या दिवशी आलो, तर लॅबमधल्या एकूण एक ड्रॉवरला आतून जुन्या घोंगडीची पट्टी चिकटवलेली. रात्रभर जागला असणार तुम्ही. मी साधं "मामा, हे कशाला?" एवढंही म्हटलं नाही.

यंदा जानेवारीत लॅबमध्ये गेलो होतो. तुमच्या जागी आलेल्या मुलाला वाटतं, हे ड्रॉवर मुळातच बिनआवाजाचे. घोंगडी कसरीने खाल्लीय, पण सुटलेली नाही. लेबलं मात्र परत पुसट झालीत. दिवाळीत लिहायला बसणार आहे. तुम्हाला न्यायला घरी येतो.

तुमचा,
९६च्या बॅचचा