बाबा, तुमचा चाकू माझ्याकडे आहे

प्रिय आई, प्रिय बाबा,

आधी ते सांगून टाकते, नाहीतर परत राहून जाईल. बाबा, तुमचा चाकू हरवलेला नाहीये. टेबलाचा खण, चष्म्याची केस, गादीखाली, सगळीकडे शोधून झालं असेल आणि आईला पण चारदा विचारून झालं असेल, तर तिला काही बोलू नका, तिला काहीच माहीत नव्हतं. निघताना मीच तो उचलला, न विचारता, आणि टॉवेलात गुंडाळून आणला. आठ दिवस रोज फोनवर सांगायचं ठरवते आणि गोळ्या घेतल्या का, झोप लागली का एवढंच विचारून ठेवून देते. म्हणून शेवटी लिहायला बसले.

रागवा, चालेल. पण खोक्याची पट्टी कापताना चाकू मिटून बोटावर आला हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, आईने सांगितलं, तेही दोन दिवसांनी. वर तुमचं "काही नाही गं, खरचटलंय". रक्त पातळ करायची गोळी चालू असताना खरचटणं म्हणजे काय ते आईला विचारा, अर्धा तास रुमाल दाबून ती बसली होती.

इथे आल्यावर दिव्याखाली धरून चाकू नीट बघितला. पात्याला काही झालेलं नाहीये, इतकी वर्षं दगडावर घासून घासून निम्मंच उरलंय तरी कागद अजून सर्रकन फाडतं. गेलीये ती पाठीची स्प्रिंग. तसल्या चाकूत लॉक नसतंच ना, मुठीच्या पाठीला पोलादाची एक पट्टी असते, ती पात्याच्या बुडावर दाबून बसते आणि तेवढ्याच जोरावर पातं उघडं राहतं. उघडताना तो 'टक्' आवाज यायचा बघा, मी आतल्या खोलीतून ओळखायचे की बाबा माझ्या पेन्सिली घेऊन बसले, तो आवाजच आता येत नाही, पातं नुसतं लोळतं. अशा चाकूवर जरा उलटा जोर आला की तो मिटणारच, तुमच्या हाताचा काही दोष नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण आई म्हणाली की त्यानंतर तुम्ही दोन दिवस गप्प होतात.

तर ठरवून टाकलंय. दादा रविवारी येतोय, त्याच्याकडे दोन नवीन चाकू दिलेत. तुमच्यासाठी ओपिनेल, म्हणजे लाकडी मुठीचा फ्रेंच मिटता चाकू, मापाने ८ नंबर, कार्बन स्टीलचा. आईसाठी त्यातलाच ७ नंबर, स्टेनलेस.

दादाने किंमत सांगितली की तुम्हाला वाटेल, बापाला हा स्वस्तातला का. बाबा, महागडा एकदा आणून झाला ना माझा? पहिल्या पगारातला? तुम्ही तो सगळ्यांना दाखवला, डबीत घातला, कपाटात ठेवला, आणि खिशात परत जुनाच. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आता कळतंय की तुमचंच बरोबर होतं. खराब होईल ही भीती ज्या वस्तूची वाटते ती वापरात येतच नाही. शिवाय तो दिसायला भारी, पण पातं इतकं जाड की फळ कापायच्या ऐवजी पाचरीसारखं फोडायचा. कापण्याचं काम पात्याची पातळ कड करते, ते पैसे देऊन वाढत नाही. ओपिनेलचं पातं पाठीला सुद्धा २ मिलिमीटरपेक्षा कमी जाड आहे आणि तिथून धारेकडे एकदम पातळ होत जातं. लांबी साडेआठ सेंटीमीटर, म्हणजे खिशात अडचण नाही. आणि सगळे मिळून भाग किती, तर पाच. पातं, बीचच्या लाकडाची मूठ, एक खिळा, एक पक्की कडी आणि तिच्यावर फिरणारी रिंग. बिघडायला त्यात काही नाहीच.

त्या रिंगसाठीच हा घेतला. पातं उघडून रिंग फिरवली की ती पात्याच्या बुडामागची फट अडवते, मग मिटायला जागाच राहत नाही. बरं, हा काही नवा नखऱ्याचा प्रकार नाहीये. फ्रान्सच्या डोंगराळ सावोय भागात जोसेफ ओपिनेल नावाच्या माणसाने १८९० मध्ये हा चाकू केला, त्याच्या घरात कुऱ्हाडी-कोयते बनवायचंच काम होतं, शेतकऱ्यांच्या खिशात राहील असा चाकू त्याने केला. १८९७ पर्यंत १ ते १२ नंबरची मापं निघाली. पण ती रिंग आली १९५५ मध्ये, तोपर्यंत हाही बिनलॉकचाच होता. आणि ती बसवली त्याच्या मुलाने, मार्सेलने. हे वाचलं आणि माझा निर्णय तिथेच झाला.

खरं म्हणजे माझ्या मनात आधी जपानचा हिगोनोकामी होता. पत्रा दुमडून केलेली साधी मूठ, आणि तिकडच्या शाळेतली पोरं त्याने पेन्सिली तासायची म्हणे, म्हणजे तुम्हाला आवडलाच असता. पण त्याला लॉक नाही, पात्याची मागे आलेली शेपटी अंगठ्याने सतत दाबून धरायची, तेव्हाच पातं उघडं राहतं. तुमच्या अंगठ्याचा सांधा सकाळी किती धरलेला असतो ते मी बघितलंय. स्विस लाल चाकू पण बघितला, चांगलाच आहे, पण त्यातलं प्रत्येक पातं घट्ट स्प्रिंगवर, नखाने ओढायचं. ओपिनेल मिटलेला असला तरी पातं मुठीबाहेर बरंच राहतं, चिमटीत धरून काढता येतं. नखाचं कामच नाही.

आठवतं बाबा, परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या पेन्सिली? शार्पनर होता तरी मला तुमच्याच हातच्या लागायच्या. जुना पेपर पसरून तुम्ही एकेक लांब, सहा बाजूंची टोकं काढायचात आणि मी त्या सालपटांतून सगळ्यात लांब कोणतं ते शोधत बसायचे, मग ते अख्खं आलं तर पेपर सोपा जाणार. मी किती वाजता झोपायचे कोण जाणे, सकाळी दप्तरात पाच पेन्सिली एका रांगेत असायच्या. आई, तू ओरडायचीस, कचरा कोण काढणार म्हणून, आणि काढायचीस पण तूच.

आता ऐका. दोघांनीही.

रिंग पूर्ण फिरवल्याशिवाय कापायचं नाही. अर्धवट फिरवलेली रिंग म्हणजे लॉक नाहीच. मिटल्यावर पण फिरवायची, म्हणजे खिशात उघडणार नाही. अंगठ्याकडे पातं ओढून कापायची सवय आता सोडा, माहीत आहे पन्नास वर्षांची आहे, तरी सोडा. पाण्यात भिजत टाकायचा नाही, लाकूड फुगतं आणि पातं आत अडकतं. आई, हे तुझ्यासाठी, तू सगळं सिंकमध्ये टाकतेस. फुगलाच तर जोर लावून ओढत बसू नका, मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका, पातं आपोआप थोडं वर येतं, सावोयची माणसं पूर्वीपासून हेच करतात. तशी वेळ येऊ नये म्हणून तुमच्या चाकूच्या खाचेत मी सँडपेपर घातला, मेण चोळलं, वीस-पंचवीसदा उघड-मीट करून बघितली. आता लोण्यासारखा चालतो.

कार्बनचं पातं काळपट होईल, आंबट फळ कापलं की डाग पडतील, ते खराब झालं असं समजू नका, तुमच्या जुन्याचा पण तसाच रंग आहे. फक्त गंज चढू देऊ नका, पुसून कोरडं करायचं, बोटाने थोडंसं तेल लावायचं. स्टेनलेस दिला असता तर ही कटकट नव्हती, पण कार्बनला साध्या दगडावर पटकन धार येते आणि दुपारी तुम्ही काय पाजळत बसणार हा प्रश्न होता ना. आईचा मात्र स्टेनलेस, नुसता धुवून पुसायचा. आणि बाबा, तो आईचा आहे, तुमचा हाताशी नाही म्हणून तिचा उचलायचा नाही.

तुमचा जुना माझ्या टेबलावर आहे. तेल लावलंय. स्प्रिंग बदलून मिळते का बघतेय, पण कुणाच्याही हातात देणार नाहीये, घासून चकचकीत करून टाकतील आणि पाठीवरचे तुमचे ओरखडे जातील. नाहीच झाली दुरुस्त तर पुढच्या वेळी आहे तसा घेऊन येईन, तुमच्या खणातच राहील. त्याने कापायचं मात्र नाही.

बोट आता कसं आहे ते आई तू सांग, त्यांना विचारणार नाही मी. आणि रविवारी दादा उघडून, रिंग फिरवून दाखवेपर्यंत खोकं तसंच ठेवा, तुम्ही उघडू नका.

तुमची,
पिल्लू